दुसरा ब्रेक

मंगळवार, ६ नोव्हेंबर

ती. मामांना भिंगरीचा शि. सा. नमस्कार.

फोनवर तुम्हाला धड ऐकू येत नाही आणि मामी निरोप अर्धाच पोचवते, म्हणून पत्रच बरं. ऑपरेशनची जखम भरत आली का?

तुमची शिकवणीची गाडी पोचली. महिनाअखेर लायसन्स हातात असलं तर घरोघर जाणाऱ्या नर्सची जागा मला, नाहीतर पुन्हा वॉर्ड. सहा वर्षं या जागेसाठी झुरतेय मी. चौदा तास झालेत. परीक्षेला किती लागतात हो? आमच्या दवाखान्यातला औषधवाला म्हणतो, वीस म्हणजे डोक्यावरून पाणी.

शेजारी तोच बसतो, सीटवर चक्क मांडी घालून, कारण तुमच्या बाजूच्या त्या दुसऱ्या ब्रेकला चुकून पाय लागेल अशी त्याला धास्ती. पण मामा, काल चौकात मला एक सायकलवाली दिसलीच नाही, आणि ते पेडल आपोआप खाली गेलं. गाडी जागच्या जागी थांबली. तार कुठे अडकत असेल का?

मामीला नमस्कार. माया आहेच, ती पत्रातूनही येऊ द्या.

तुमची
भिंगरी


शनिवार, १० नोव्हेंबर

चि. भिंगरीस मामाचे अनेक आशीर्वाद.

जखम भरली. उजवा पाय गुडघ्याखाली उरलाच नाही, मग भरायला वेळ तो कितीसा. पण कापलेलं पाऊल अजून शिवशिवतं. सोमवारी संध्याकाळी पावणेसहाला त्यानं जोरात काहीतरी दाबलं. मी खाटेवर होतो, खाली नुसती चादर. तरी तळव्याला पेडलचं रबर लागलं. तुझी सायकलवाली किती वाजता आली, ते कळव.

तास मी कधी मोजले नाहीत. एकतीस वर्षं वहीत एकच गोष्ट टिपली, माझा पाय किती वेळा हलला. लागोपाठ तीन शिकवण्या हलला नाही, की परीक्षेला जा म्हणायचो. कुणी नऊ तासांत गेलं, एका शिंपीबुवांना एकशे दहा लागले. पण त्यांच्या गाडीनं आजवर कुणाला खरचटलंसुद्धा नाही.

मामी म्हणते, आधी डोळे तपासून चष्मा बदल. मीही तेच म्हणतो.

तुझा
मामा


सोमवार, १९ नोव्हेंबर

ती. मामांना शि. सा. नमस्कार.

सायकलवाली पावणेसहालाच आली. औषधवाल्यानं घड्याळ बघितलं होतं. तेव्हापासून मी वेळा लिहून ठेवतेय. बुधवारी सव्वासात, शनिवारी पाच चाळीस, काल साडेचार. तुमच्याशी जुळतात का? औषधवाला तर पेडलकडे बघायचंसुद्धा टाळतो.

परीक्षा अठ्ठावीसला आहे, त्याआधी उद्या, गुरुवारी आणि रविवारी शिकवणी. शेजारी परीक्षक बसणार, आणि दुसरा ब्रेक लागला की नापास. तेवढा एक दिवस पाय आवरा ना मामा. मला सायकल शिकवलीत तेव्हाही सीट सोडायला तयार नव्हतात. आता अडतीस वर्षांची घोडी झाले मी.

रागावू नका, आणि रागावलात तरी लिहा.

भिंगरी


शुक्रवार, २३ नोव्हेंबर

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

तिन्ही वेळा जुळल्या. मामीला बोललो नाही, उगाच हाय खाईल.

पाय आवरणं माझ्या हातात नाही, पोरी. समोर कुणी आलं आणि तुला दिसलं नाही, की तो जातो. मंगळवारी आणि काल मात्र गप्प होता. शाबास. दोन झाल्या, तिसरी होऊ दे. त्यात हलला तर तारीख पुढे ढकल. जागा गेली तर दुसरी मिळेल.

मला दूषणं दे हवी तेवढी, पण ऐक.

मामा


गुरुवार, २९ नोव्हेंबर, रात्री

ती. मामांना शि. सा. नमस्कार.

मामा, पास झाले. काल परीक्षक म्हणाला, हात हलका आहे. आता खरं सांगते. तिसऱ्या शिकवणीत पाय हलला तर सगळंच मुसळ केरात, म्हणून ती घेतलीच नाही. सोमवारी मेकॅनिककडून दुसरं पेडल काढून टाकलं. तुमच्या जिवालाही आराम पडेल असं वाटलं.

आज कामाचा पहिला दिवस. एकटीनं चार घरं केली, इतकी खूश मी कधीच नव्हते. शेवटच्या घरी जाताना ऊन थेट डोळ्यांत येत होतं. विटांच्या भिंतीपाशी वळले आणि चाकाखाली धप्पकन काहीतरी आलं. आरशात पाहिलं, कडेला पोतं पडलेलं दिसलं. सव्वाचार वाजून गेले होते, आजीबाई इंजेक्शनसाठी खोळंबल्या होत्या, म्हणून थांबले नाही. पुढे थोडा पोचा आलाय, तो काढून घेईन. चष्म्याचं राहूनच गेलं, मामीला सांगू नका.

आता तरी कौतुकाचे दोन शब्द लिहा.

तुमची लायसन्सवाली
भिंगरी


गुरुवार, २९ नोव्हेंबर, संध्याकाळ

भिंगरी,

आज सव्वाचारला पाय गेला. इतक्या जोरात कधीच गेला नव्हता, मी खाटेवरून खाली आलो. पण या वेळी तळव्याला रबर लागलं नाही. पाय नुसता खाली खाली जात राहिला. पेडल कुठे आहे?

तू कुठे होतीस, आणि समोर कोण होतं? हे पत्र पोचेपर्यंत दोन दिवस जातील, तरी जिथे होतीस तिथे जा. गाडीतून उतर आणि नीट बघ.

दोन तास झाले, पाय अजून दाबतोच आहे. वर येत नाही.

आशीर्वाद तू बघून आल्यावर लिहीन.

मामा