चादरीचं दुसरं टोक

गुरुवार, संध्याकाळ

शहाद्याच्या मेकॅनिकने आज वॉशिंग मशीनच्या ड्रायरचा झिजलेला ब्रेक आणि फाटलेलं रबर बदललं. सुटले एकदाची! खरंच सुटले?

ड्रायर बंद होता तेव्हा एकटीने चादर पिळताना माझी धडपड बघून शेजारची धाकटी जाऊ आपणहून आली. जमिनीच्या वाटणीपासून आमचं बोलणं बंद होतं. पण चादरीचं दुसरं टोक तिच्या हातात म्हटल्यावर बोलावं लागलंच. मग रोजच यायला लागली.

आणि आज मी भिंतीवरून ओरडले, "मशीन झालं गं! आता तुला सुट्टी."

"मन्ही गरज सरनी ना, बाई?" म्हणाली आणि दार लावून घेतलं.

तिची गरज सरली असं कुठे म्हटलं मी? एवढी थट्टा कळू नये? पण थट्टा होती का ती?

उद्याची चादर ड्रायरमध्ये घालणार नाही. तशीच निथळती घेऊन तिच्या दारात उभी राहीन. उघडलं तर बरं.