तिच्या डाव्या गालावर

बाबा, तिच्या डाव्या गालावर डाग नाही. मी तीन प्रकारे तपासलं आहे. तुमच्या स्टुडिओत, रिटचिंगच्या टेबलासमोर टांगलेल्या त्या परदेशी नटीच्या फोटोत तो होता. अगदी माझ्या डागासारखा, डोळ्याखाली दोन बोटांवर, मसुराच्या दाण्याएवढा. प्रत्यक्षात त्या बाईचा गाल कोरा होता. तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली, तेव्हा ही बातमी तुमच्यापर्यंत पोचायची नाही हे मला कळतं. पण हे समजल्यापासून इतकं हलकं वाटतंय, की कुठेतरी नीट लिहून ठेवावंसं वाटलं.

मी आता जर्मनीत, येनामध्ये असते. इथे पिढ्यान्‌पिढ्या भिंगं घडवतात. मी ऑप्टिक्स शिकायला आले आणि जुन्या फिल्म स्कॅन करून दुरुस्त करणाऱ्या एका छोट्या लॅबमध्ये लागले. चार महिने झाले. प्रोबेत्साइट, म्हणजे नोकरीतला परीक्षेचा काळ, संपायला अजून दोन महिने आहेत; तोवर ते मला कारण न देता निरोप देऊ शकतात. अशात आमच्याकडे पत्र्याचे डबे आले. त्यांत तुमच्या नटीच्या एका चित्रपटाची मूळ निगेटिव्ह होती. सगळेजण चाचपडत असताना मी म्हणाले, हे काम मी करते, मला ही बाई माहीत आहे. ते खरंच होतं. सांगलीत, तुमच्या टेबलाशेजारच्या स्टुलावर बसून मी तिचं सबंध आयुष्य ऐकलं होतं.

दुपारी गिऱ्हाईक नसलं की तुम्ही सांगायचात. समोर काचेवर कुणाच्या तरी लग्नाची निगेटिव्ह, हातात पॉलिश पेपरवर घासून सुईसारखी केलेली पेन्सिल. काळा डाग निगेटिव्हवर पारदर्शक दिसतो. तिथे शिसं भरलं की फोटोतून तो जातो. लोक येऊन म्हणायचे, "साहेब, वांग तेवढे घालवा." तुम्ही वांग, देवीचे व्रण, डोळ्यांखालची काळी वर्तुळं घालवत असता आणि ती खाणकामगाराची मुलगी बर्लिनच्या एका नाटकघराच्या तिकीटखिडकीत बसलेली असते. कोरसमधली मुलगी आजारी पडते म्हणून हिला उभं करतात. मग मुके चित्रपट, मग बोटीने अमेरिका. तिथे तिचं नाव बदलतात, केसांचा रंग बदलतात, इंग्रजी येत नाही म्हणून संवाद घोकून घेतात. पहिला चित्रपट आपटतो, दुसरा चालतो, आणि तिसऱ्यापर्यंत ती मोठी होते. चित्रपट कंपनीचा मालक मात्र एकच. तो देईल ती भूमिका, नाही म्हटलं तर बिनपगारी घरी. मग तो मालक एकदा म्हणतो, गालावरचा डाग झाकायचा. इथे तुमची पेन्सिल थांबायची. तुमची नटी सांगलीचंच मराठी बोलायची: "डाग ऱ्हाऊ द्या मालक, न्हाईतर दुसरी बघा." आणि डाग राहिला. चाळिशीनंतर आईच्या भूमिका, नंतर त्याही नाहीत. शेवटी मायदेशी परतून तिने एका गावात हातमोज्यांचं दुकान काढलं आणि कुणाला ओळख दिली नाही.

मला ही गोष्ट आवडायची नाही. तुम्हाला ते कधी बोलले नाही. ती सुरू झाली त्याच वर्षी, चौथीच्या स्कॉलरशिपच्या फॉर्मसाठी तुम्ही माझा फोटो काढला होतात आणि माझ्या गालावरचा डाग पुसला होतात. चार प्रती. चारही फोटोंत एक स्वच्छ मुलगी. त्यानंतर थोड्याच दिवसांत नटीचा तो फोटो भिंतीवर आला आणि गोष्ट सुरू झाली. मी नऊ वर्षांची होते, पण तर्क साधा होता: तिचा डाग शोभतो, माझा घालवायचा. एकदा तुम्ही हात धुवायला गेलात तेव्हा मी स्टुलावर चढून तिच्या गालाला नख लावायला गेले. तुम्ही दारातून ओरडलात, "हात लावू नकोस त्याला! खाली उतर आधी!" तुम्ही माझ्यावर आवाज चढवल्याची तेवढी एकच वेळ. मी उतरले आणि मनाशी नोंद केली, की माझ्या बापाला माझ्या चेहऱ्याची लाज वाटते आणि त्या कागदाच्या बाईची नाही. पुढे तुम्ही गेलात. नोंद तशीच राहिली. मी आजही मीटिंगमध्ये डावा गाल भिंतीकडे येईल अशी खुर्ची पकडते.

कामाचं सांगते. आमचं सॉफ्टवेअर फिल्मवरची धूळ आपोआप काढतं. जे एकाच चौकटीत आहे आणि आधीच्या-पुढच्या चौकटीत नाही, ते धूळ समजायचं, असा त्याचा नियम. गालावरचा डाग प्रत्येक चौकटीत असतो म्हणून तो वाचतो. पण मान झटकन वळली की सॉफ्टवेअर फसतं. म्हणून मी तिच्या डाव्या गालावर मास्क आखले, म्हणजे इथे हात लावायचा नाही अशी कुंपणं. शॉटमागून शॉट, तीन आठवडे. धुळीच्या ठिपक्यांत मला तो डाग दिसतोय असंच वाटत होतं. नेटवरच्या तिच्या कुठल्याच फोटोत डाग नव्हता, पण त्याचं मला नवल वाटलं नाही. रिटचरच्या मुलीला का वाटावं? आपल्याकडचा फोटो अस्सल, बाकीचे पुसलेले, असं मी धरून चालले. बाकीची गोष्ट तर खरी निघाली होती, हातमोज्यांच्या दुकानासकट.

शेजारच्या टेबलावर निवृत्तीला आलेली एक सहकारी बसते. ती एका सकाळी कॉफीचा मग घेऊन माझ्यामागे उभी राहिली. "आल्झो, मला सांग, सगळा चेहरा स्वच्छ आणि या गालावरच धूळ कशी? तू तिथे नेमकं काय जपते आहेस?"

"तिची जन्मखूण."

"कुणी सांगितलं?"

"माझ्या वडिलांनी."

"ते तिला ओळखायचे?"

"नाही. त्यांचा सांगलीत फोटो स्टुडिओ होता."

"आहा," ती म्हणाली, आणि कॉफीचा एक घोट घेतला. "मग बघू या."

आम्ही सॉफ्टवेअर लागण्याआधीचं कच्चं स्कॅन काढलं. गाल कोरा. मी म्हटलं, मेकअपखाली असेल. शेवटच्या डब्यात मेकअपच्या चाचणीची फिल्म होती: अर्धा चेहरा रंगवलेला, डावा अर्धा तसाच. त्यात तिच्या त्वचेची छिद्रं मोजता येत होती. गाल कोरा. मी म्हटलं, फिल्म उलटी धरली गेली असेल, डावं-उजवं बदललं असेल. सहकारिणीने चौकटीतल्या पाटीवर बोट ठेवलं. अक्षरं सुलटी होती. "गेनाऊ, तंतोतंत सुलटी," ती म्हणाली. तिचा स्वर चांगला होता, पण मी मनात हिशेब करत होते. तीन आठवड्यांचं काम वाया, आणि सांगायचं कारण काय, तर वडिलांनी गोष्ट सांगितली होती.

जेवणाच्या सुट्टीत मी आईला फोन केला. ती मटार सोलत होती.

"आई, स्टुडिओतला तो इंग्लिश पिक्चरमधल्या नटीचा फोटो आठवतो? तिच्या गालावरचा डाग?"

"तो होय? तो ह्यांनी रंगवलाय."

"कशाने?"

"ब्रशनं, आणि कशानं? गावातलं थेटर बंद झालं तेव्हा तिथल्या पेटीतनं तिचे तीन फोटो आणले होते. पहिल्यात डाग एवढा झाला, म्हणाले, माशी बसलीय जणू. दुसऱ्यात उजव्या गालावर काढला वेड्यासारखा. तिसरा जमला, तो टांगला. तू अभ्यासाला बसलीस की येऊन तुझ्या तोंडाकडं बघायचे आणि परत आत पळायचे. मला वाटलं, ह्यांचं काहीतरी बिनसलं."

"मला का नाही सांगितलंस?"

"म्हणाले, पोरगी चिकित्सक आहे, तू तोंड उघडू नकोस. मग तू विचारलं नाहीस. आज विचारलंस, आज सांगितलं."

मी फोन ठेवून पायऱ्यांवर बसले. जन्मभर ज्या माणसाने दुसऱ्यांच्या चेहऱ्यांवरचं पुसण्याचे पैसे घेतले, त्याने एका परक्या बाईच्या निर्मळ गालावर तीनदा डाग काढला. नख लागलं असतं तर रंग निघाला असता. म्हणून तो आवाज. मला तुमचा राग यायला हवा होता, कारण मी चुकीच्या माहितीवर काम करत नाही. राग आला नाही. कुणीतरी पाठीवरून सामान उतरवून घेतल्यासारखं वाटलं.

लॅबच्या साहेबांना मी जे घडलं ते सांगितलं, तुमच्यासकट. ते म्हणाले, हे मास्क पुसायला किती दिवस लागतील? मी म्हटलं चार. पाच घ्या, ते म्हणाले. काल काम संपलं. मीटिंगमध्ये मी अजून त्याच खुर्चीवर बसते. सवयी एवढ्या लवकर जात नाहीत, आणि तशी घाईही नाही.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, त्यामुळे शेवटचंही लिहायला हरकत नाही. आई पुढे म्हणाली होती, "आणि फॉर्मच्या फोटोचं म्हणशील, तर हट्ट तूच केला होतास." मी म्हटलं, मला नाही आठवत. मला आठवतं, बाबा. वर्गातल्या मुली काहीतरी बोलल्या होत्या आणि मी दप्तर न काढताच थेट स्टुडिओत आले होते. तुम्ही पेन्सिल हातात घेतलीत, खाली ठेवलीत, आणि मला दोनदा विचारलंत, "नक्की ना?" दोन्ही वेळा मी हो म्हणाले होते.