बाळंतपणातली हॉकी

आई, तुला जाऊन आता बरीच वर्षं झाली, आणि आज ओव्याचा डबा उघडला तर मला आठवली काय, तर बर्फावरची हॉकी! माझ्या बाळंतपणाला तू मिशिगनला आली होतीस, त्या हिवाळ्यातली.

दोन हजार चार साल असेल. हे सकाळी ऑफिसला ड्राइव्ह करत जायचे ते अंधार पडल्यावर उगवायचे. मला गाडी येत नव्हती, डिपेन्डन्ट व्हिसावर नोकरीची परवानगी नव्हती, बाहेर ढीगभर बर्फ आणि मांडीवर तान्ही लेक. त्या दोन खोल्यांत आपण दोघी, आणि टीव्हीवर आमच्या शहराची हॉकीची टीम. वर्षानुवर्षं तळाला पडलेली ती टीम नेमकी त्याच साली जिंकत सुटली होती. तू एरवी क्रिकेटसुद्धा न बघणारी, पण डिंकाचे लाडू वळता वळता तुला सगळं कळायला लागलं. काळ्या चकतीसाठी एकमेकांवर आदळणारे ते धिप्पाड गडी बघून तू खुर्ची पुढे ओढायचीस. "अगं बाई, कसे हाणतायत मेले! ह्यांच्या आया बघत असतील ना?" फाउल केलेल्याला काचेच्या खोक्यात दोन मिनिटं बसवतात, त्याला तू कोंडवाडा म्हणायचीस. एकदा मी म्हणाले, "त्याला दोन मिनिटांनी सोडतात तरी." तुझा लाडू हातातच राहिला.

मग टीम पहिल्यांदाच प्लेऑफमध्ये गेली. तिन्हीसांजेची वेळ, मॅच बरोबरीत, आणि तू बाळाला धुरी द्यायला बसलेली. रोज खिडकी उघडून, छताला लावलेल्या धुराच्या अलार्मला टॉवेल गुंडाळून मगच निखाऱ्यांवर चिमूटभर ओवा टाकायचीस. त्या दिवशी डोळे टीव्हीवर होते. टॉवेल राहिला, खिडकी राहिली, आणि मूठभर ओवा पडला. अलार्म असा बोंबलला की अख्खी बिल्डिंग बर्फात येऊन उभी! बंब आला. साडीवर ह्यांचं जॅकेट चढवून तू बाळाला छातीशी धरलं होतंस आणि सगळ्यांना "सॉरी, सॉरी" म्हणत होतीस. लोक चिडले होते ते थंडीपेक्षा मॅच बुडाली म्हणून.

खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या बाईने, टीमचीच जर्सी होती तिच्या अंगात, आपल्याला तिच्या गाडीत बसवलं आणि रेडिओ लावला. तुला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. ती बाई स्टिअरिंग बडवून किंचाळली तेव्हा तुला कळलं, जिंकलो. तू तिच्या पाठीवर थाप मारतेस, दोघी हसताय, आणि मागच्या सीटवर मला रडू फुटतं. "आई, मला घेऊन चल. मी खरंच मरेन गं इथे." तू मागे वळत नाहीस. "असं बोलू नये. हेच तुझं घर आता. निघतील दिवस." त्या बाईने विचारलं, ही का रडतेय? तर तू तुझ्या इंग्रजीत म्हणालीस, "हॅपी, हॅपी."

टीम पुढच्या फेरीत हरली. तरी गावाने त्यांना डोक्यावर घेतलं, इतक्या पुढे ती टीम कधी गेलीच नव्हती. तू ठरल्या तारखेला परत गेलीस. विमानतळावर मला काढ्याची पुडी दिलीस, बाळाच्या तेलाच्या सूचना दिल्यास, माझ्याकडे बघायचं तेवढं टाळलंस.

पुढे मी गाडी शिकले, नोकरीही लागली. धुरीची गोष्ट पार्टीत सांगते, लोक पोट धरून हसतात. गाडीतलं बोलणं गाळते. कोणी विचारलंच तर म्हणते, आईने तेव्हा खंबीर राहून माझा संसार सावरला. ह्यांनाही तसंच वाटतं. असेलही.

तू असतीस तर हे पत्र मी पोस्टात टाकलं नसतं, तुला लागलं असतं. आता वाचायला तू नाहीस म्हणून लिहिता येतंय. तू एकटीच परत गेलीस ना, त्याचा राग मला अजून येतो.