उशिरा पडणारी टाच

ओल्शुव्का,
बुधवार, १२ मार्च

लाडक्या हालश्का,

प्रथम प्रभू येशूची स्तुती असो. तू 'युगानुयुगे असो' म्हणालीस असं धरून पुढे सांगते. म्हणाली नसशील तर आत्ता म्हण, मी थांबते. झालं? मी बरी आहे, तूही बरी असावीस. ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपास सुरू होऊन आठवडा झाला. तेच आंबवलेल्या पिठाचं झुर, तोच खारा हेरिंग मासा आणि तीच मी. डावीकडचा शेवटचा दातही गेला, आता दोन्ही बाजू सारख्या झाल्या. कोंबड्या अजून अंडी द्यायला राजी नाहीत.

पत्र दुकानवाली ल्युत्सिना लिहिते आहे. अक्षर तिचं, अक्कल माझी. ("हेही लिहू?" विचारते. लिही म्हटलं.) तसं सरकारी कागदावर मीही साक्षर आहे. लढाईनंतर मोठ्यांना शिकवायला मास्तर आला होता. त्याने माझ्या हातच्या पिएरोगीची, उकडलेल्या करंज्यांची, दोन ताटं खाल्ली आणि 'उत्तीर्ण' असं लिहून गेला. काय लिहिलंय ते मला दुसऱ्याकडूनच वाचून घ्यावं लागलं.

तुमच्या तिघांचा फोटो मिळाला. सॅक्सोफोनवाल्याला म्हणावं, जेवत जा. तुम्ही जॅझमध्ये आपला कुयाव्याक नाच मिसळता आणि वर कंप्युटरची घरघर ओतता, त्याला कातोवित्सेत म्हणे तिकिटं संपतात. आमच्या वेळी कुयाव्याक नुसताच असायचा, तरी लोक यायचे. असो. तू नाव काढलंस, मला आनंद आहे. डोक्यावर टोपी घालत जा.

बेसबद्दल, माळ्यावरून नेलेल्या त्या माणसाएवढ्या व्हायोलिनबद्दल, तू विचारलं आहेस. सांगते. आधी एवढं ऐक की तुझी चुलत आत्या परवा येऊन गेली आणि तुझ्या लग्नाचं विचारत होती. मी म्हटलं, ती लाकडाच्या मोठ्या पोटाशी राहते, सुखी आहे.

ल्युत्सिना म्हणते, "आजी, तुम्ही टाळताय."

टाळतेच आहे. अडुसष्ट वर्षं टाळलं, आता अर्धं पान टाळलं तर काय झालं?

तुझं रेकॉर्डिंग ऐकलं. हिने दुकानातच लावलं, भर दुपारी, पावाच्या रांगेत चार बायका उभ्या असताना. सॅक्सोफोन सुरू झाल्यावर व्हान्दा म्हणाली, "कुणाची गाय विते आहे?" आमच्याच घरची आहे, गप्प बस, म्हटलं. मग बेस आला. आणि बेसमागून टाच आली.

तू लिहिलंस की स्टुडिओत कुणीच पाय आपटत नव्हतं, तुम्ही तिघंही नुसते मोजे घालून होतात. तरी तो ठेका रेकॉर्डिंगवर आला, दर वेळी किंचित उशिरा पडणारा. तुमच्या ड्रमवाल्या तिमोनला तो इतका आवडला की आता तो त्याच्याच मागून वाजवतो. 'आजी, असा लंगडा ठेका आम्हाला जन्मात सुचला नसता.' खरं आहे. तो तुमचा नाहीच. मी बटाट्याच्या पोत्यावर बसले आणि परत लाव म्हटलं. तिसऱ्यांदा लावल्यावर बायका पाव न घेताच गेल्या.

शेवटी तुमचं वाजवणं थांबतं, टाच थांबत नाही. ते नीट ऐकलंस का? तिथे तो ठेका धरत नाहीये, बाळा. तिथे तो चालतोय.

ल्युत्सिनाचं पेन थांबलं आहे. लिही गं, चीजकेक आहे घरात.

ऑगस्टमध्ये तू माळ्यावरून तो जुना बेस खाली आणलास तेव्हा मी शेंगा सोलत होते. तू विचारलंस, "आजी, याच्यावर चादर का?" मी म्हटलं, "धूळ बसू नये म्हणून." तू चादर काढलीस, झटकलीस, घडी घालून माझ्या हातात दिलीस. तेव्हा बोलायला हवं होतं. मी शेंगा सोलत राहिले.

उपासात आपल्या गावात वाद्य वाजत नसे. म्हणून उपासाआधीच्या शेवटच्या मंगळवारी, नाचाचे दिवस संपताना, बेस मेला असं म्हणायचं. दोन बाकांवर त्याला निजवायचं, पांढरी चादर घालायची, छातीवर हेरिंग मासा ठेवायचा, आणि एकीने गळा काढून रडायचं: अरे बेसा, आम्हाला टाकून कुठे चाललास! लोक हसून लोळायचे. मग त्याला माळ्यावर न्यायचं. ईस्टरच्या सोमवारी, जी रडली असेल तिनेच नाव घेऊन हाक मारायची आणि पाणी शिंपडायचं. बेस उठला, की मगच पहिला सूर.

सत्तावन्न साली रडणारी मी होते. गावात माझ्याइतकी तिखट जीभ कुणाची नव्हती, म्हणून मला निवडलं.

बेस वाजवायचा कायेतान. वय चोवीस. लहानपणी डावा पाय गाडीच्या चाकाखाली गेलेला, त्या बुटाला लोखंडी नाल. ठेका धरताना तो पाय केसभर उशिरा पडायचा आणि त्या केसभरासाठी तीन गावांतून माणसं नाचायला यायची. मीही जायचे. तुझे आजोबा त्याच्या शेजारीच व्हायोलिन वाजवायचे, त्यांना सगळं ठाऊक होतं. त्या मंगळवारी कायेतानने भर नाचात माझ्यावर गाणं रचलं: पेल्काची जीभ अशी धारदार, पावसुद्धा ती जिभेनेच कापते, हिचा मुका घेणार कोण? आणि गिरणीवाल्याच्या पोरीकडे बघून हसला. सगळी खोली हसली.

मग मला रडायला बोलावलं. मी चादरीपाशी गुडघे टेकले आणि बेसचं नाव घेतलंच नाही. "कायेतान रे," म्हटलं, "आमच्या कायेताना, कसा उताणा पडलास! आता ती लोखंडी टाच कोण ओढणार? गिरणीवाल्याची पोर कुणासाठी वेण्या घालणार?" सगळं म्हटलं मी. शवपेटीचं माप, बायकांची रांग, मातीचा आवाज. लोकांच्या डोळ्यांतून पाणी आलं हसून. सगळ्यांत मोठ्याने तोच हसला. मधेच चादरीखाली एक तार वाजली. थंडीने वाजते, असं सगळे म्हणाले.

नवव्या दिवशी तो दारात आला. टोपी हातात.

"पेल्का, मला हाक मार ना."

"का रे, बहिरा झालास?"

"तू पुरलंस मला. डावा पाय सकाळी गार असतो, थोडा वेळ माझा वाटत नाही. पुरे झाली थट्टा. उठव."

हसत होता, पण नुसत्या ओठांनी. मला फक्त त्याचं नाव घ्यायचं होतं. त्याला शाळा लागत नाही. मी म्हटलं, "मेलेल्यांनी ईस्टरपर्यंत थांबायचं असतं. थांब."

"थांबतो," म्हणाला.

पाच दिवसांनी तो गोप्लो तलावाच्या बर्फावरून घोड्याची घसरगाडी नेत असताना बर्फ फुटला. घोडा बाहेर आला.

ईस्टरच्या सोमवारी मी ताप आल्याचं सांगून अंथरुणात पडून राहिले. ताप नव्हता. बेसला कुणी हाक मारली नाही. पुढे तुझ्या आजोबांशी माझं लग्न झालं आणि त्यांनी तो चादरीसकट आमच्या माळ्यावर आणून ठेवला. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात त्या माळ्याबद्दल एक शब्द काढला नाही. मीही नाही. आम्ही फार गप्पा मारायचो, पण दुसऱ्या गोष्टींच्या.

आता तुझं पत्र. शेवटी, जाता जाता, तू लिहिलंस की हल्ली बेस हातात घेण्याआधीच ठेका सुरू होतो. आणि तुझा डावा पाय सकाळी गार असतो, थोडा वेळ तुझा वाटत नाही. डॉक्टर म्हणाले, उभं राहून वाजवल्यामुळे. ल्युत्सिनाने ते वाचलं तेव्हा मी तिला पुन्हा वाचायला लावलं, आणि मग म्हटलं, कागद काढ.

म्हणून ऐक. बावीस तारखेच्या कार्यक्रमात तो बेस वाजवायचा नाही. तुझा स्वतःचा वाजव. लोकांना लंगडा ठेका हवा असेल तर तिमोनला एका बुटात खडा घालायला सांग. जुन्या बेसच्या तारा सैल कर, त्याला पांढऱ्या चादरीत गुंडाळ आणि भिंतीकडे तोंड करून ठेव. टाच वाजली तर ताल धरू नकोस, 'कोण आहे' असं तर मुळीच विचारू नकोस. ईस्टरला त्याला घेऊन घरी ये. हट्ट करू नकोस, हट्ट कसा करतात ते तुला मीच शिकवलं आहे.

सोमवारी सकाळी मी त्याला बाकावर निजवीन आणि नाव घेऊन हाक मारीन. पाणी शिंपडणार नाही. पाणी त्याला पुरेसं झालं असेल. कोरड्या हातानेच उठवीन. उठल्यावर तो कुणीतरी बरोबर चल म्हणाला, तर मीच जायचं हे ठरलेलंच आहे, डोक्याला बांधायचा धुतलेला रुमाल काढून ठेवला आहे. तू रडायचं नाहीस. आणि रडलीसच, तर नाव नीट बघून घे.

दूध उतू जातंय, थांबते. पाय लोकरीत गुंडाळत जा.

तुझी आजी,
पेलागिया

×  ×  ×        ×

सहीच्या तीन फुल्या काढल्या, नेहमीच्याच. ल्युत्सिना म्हणते चार आहेत. मी तीनच काढल्या आणि पेन खाली ठेवलं. चौथी जरा उशिरा पडली आहे, म्हणते, आणि तिरकी. ती खोडायला निघाली होती. मी म्हटलं, राहू दे. त्यालाही लिहिता येत नव्हतं.