वहिनीची काळी बोटं

अण्णा, परवा मंठ्याला गेले होते. तुम्ही गेल्यावर आपलं आरशांचं दुकान बंद पडेल असं सगळ्यांना वाटलं होतं, पण दादा अंकुशनगरच्या कारखान्यावर नोकरीला आणि दुकान वहिनी चालवते. आरसे आता तयारच येतात. तरी डाग पडलेला जुना आरसा घेऊन लोक तिच्याकडेच येतात. ती मागचा रंग खरवडते, काच घासते आणि नव्यानं चांदीचं पाणी चढवते. तुम्ही शिकवलं तसंच.

मला तुम्ही ते शिकवलं नाही. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकत होते, तिच्या लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. अजून डोळ्यांपुढे आहे, धुतलेली काच तुम्ही उजेडाला धरता आणि तिला म्हणता, "वाफ सोड." तिच्या श्वासाचं धुकं सगळीकडे सारखं बसलं की काच स्वच्छ, कुठे तेलकट राहिलं असेल तर तिथे ते फाटतं. मी दारात उभी. मलाही श्वास होताच की. मला तुम्ही चहा ठेवायला सांगता.

त्या चांदीच्या पाण्यानं तिची बोटं काळी पडायची, ते काळं साबणानंही लवकर निघायचं नाही. हळदीकुंकवाला बायका विचारायच्या, सासऱ्यानं सुनेला कोळशाच्या वखारीत ठेवलंय का. ती हसून हात पुढे करायची. तुमची बोटंही तशीच. घरात तुम्हा दोघांचेच हात सारखे होते.

मला तुम्ही शिकवलं नाहीत, हे परवा मी पहिल्यांदा तिच्याजवळ बोलले. काच पुसता पुसता ती म्हणाली, "ताई, अण्णा म्हनायचे, तिचे हात खराब न्हाई करायचे, तिला मोठ्या हापिसात बसायचंय." मला बरं वाटावं म्हणून सांगितलं तिनं. मला मात्र वाटलं, हेसुद्धा तुम्ही तिलाच सांगितलंत.

मग तिनं काच माझ्यापुढे धरली. मी वाफ सोडली. तिनं ती तिरपी करून पाहिली आणि म्हणाली, "बराबर." अगदी तुमच्या आवाजात. चांदीचं पाणी ओतायला तिनं हातमोजे दिले, ते मी बाजूला ठेवले.

आज ऑफिसात एकीनं उजव्या हाताची बोटं काळी कशानं झाली विचारलं. केसांचा कलप लागला, असं सांगितलं. हे पत्र पाठवायला पत्ता नाही, कपाटातच राहील. पण एक सांगते. परवापासून भांडी मी डाव्या हातानंच घासते आहे.