लाह्या पडल्या, पण लग्न लागलं का?

गांधीधाम (कच्छ)
ता. १४ नोव्हेंबर १९८९

तीर्थरूप धनसिंग आबा यांच्या पायाशी (मुरगळलेला सोडून दुसऱ्या पायाशी) भिकनचा दंडवत.

सूज उतरली असेल असं धरून चालतो. उतरली नसेल तर रुईचं पान गरम करून बांधा. आमच्या वखारीतल्या एका माणसाला त्याने एका दिवसात गुण आला (दुसऱ्या दिवशी तो त्याच पायाने ओंडक्यावरून घसरला, पण त्यात पानाचा दोष नाही). घरात सगळे खुशाल असतील. म्हैस व्याली असेल तर काय झालं ते कळवा. मी इथे बरा आहे, लाकडाचा भुसा नाकात जातो तेवढंच. सुरत, वापी, अंकलेश्वर आणि बडोदा सोडून हे माझं पाचवं गाव, आणि इथून मी हलणार नाही असं तुम्हाला वचन दिलं होतं ते अजून तरी पाळलं आहे. एक विनंती, हे पत्र चष्मा लावून स्वतः वाचा. पोस्टमनकडून तर मुळीच वाचून घेऊ नका, कारण पुढे माझ्या दहावीचा विषय येतो.

आबा, मला एकच गोष्ट विचारायची आहे. माझं लग्न झालं आहे का? तुम्ही म्हणाल, हे ज्याचं त्याला माहीत असतं. मलाही तसंच वाटत होतं. पण आईने कुणाकडून तरी लिहवून घेतलेलं पत्र परवा आलं, त्यात आहे की देवपूरच्या तानुबाई तिला आता विहीणबाई म्हणतात आणि फराळाचा डबा पाठवला. मुलीचे वडील लीलाधर भाऊ हो पण म्हणत नाहीत आणि नाही पण म्हणत नाहीत, धनसिंग आबा सांगतील ते मान्य असं म्हणतात. तुम्ही मला वडिलांच्या ठिकाणी, म्हणजे माझं झालं की नाही हे तुमच्या तोंडून ठरणार. तर काय घडलं ते सगळं लिहितो, आणि वाचून झालं की 'नाही झालं' एवढं एका वाक्यात त्यांना कळवून टाका.

दिवाळीच्या पाडव्याला तुम्ही बैलगाडीतून उतरताना पाय मुरगळून घेतला आणि मला व आईला दोघांनाच देवपूरला मुलगी पाहायला धाडलं. निघताना ओट्यावर बसून तुम्ही मला सांगितलंत की मुलगी दहावी पास आहे, त्यांना दहावीच्या खालचा मुलगा नको, तेव्हा विचारलं तर दहावी सांग. चौथीत मी शाळेच्या खिडकीतून गेलो तो परत आलो नाही हे तुम्हाला ठाऊक आहे, तरी सांगितलंत. मी सांगितलं. त्यावर लीलाधर भाऊ खूश झाले, आई तर इतकी खूश झाली की तिला स्वतःलाच ते खरं वाटू लागलं. पोहे खाऊन होतात तोच लीलाधर भाऊ म्हणाले, उठा, राहिलेलं पाहणं थेटरात. ते माणकचंद शेठच्या पेढीवर दिवाणजी आहेत. शेठच्या आजोबांचं पत्र्याचं थेटर अठरा वर्षं सरकीचं गोदाम होतं, ते शेठने दुरुस्त करून पुन्हा चालू केलं, आणि त्याचा पहिला खेळ त्याच दिवशी तीन वाजता होता. दिवाणजी नाही म्हणू शकत नव्हते आणि आम्हाला घरी बसवून जाऊही शकत नव्हते.

थेटर छान केलं आहे. खुर्च्या नव्या, भिंतींवर चुन्याचे पोपट होते ते पुन्हा हिरवे रंगवले. फक्त सरकीचा वास गेलेला नाही, आणि कुणी जोरात बसलं की खालून कापूस उडतो. दारात शेठ स्वतः उभे राहून प्रत्येकाला लक्ष्मीपूजनाचा प्रसाद देत होते, कागदाच्या पुड्यात साळीच्या लाह्या आणि बत्तासे. (या लाह्या ध्यानात ठेवा.) पुढच्या ओळीत मुलगी प्रमिला, तिची आत्या तानुबाई आणि लीलाधर भाऊ. बरोबर मागे मी आणि आई. आमच्या दोन्ही अंगांना आणि मागे शेठचे हमाल, बायकापोरांसकट. म्हणजे मुलगी पाहायला आलो आणि मला दिसत होती फक्त वेणी.

आता खेळ. शेठचा पुतण्या पुण्याला शिकतो, त्याच्या डोक्यातून निघालं की आजोबांच्या वेळेसारखाच मुका पिक्चर लावायचा. इंग्रजी, खुनाचा, आणि पडद्याखाली बसून माणसं वाजवणार. आजोबांच्या वेळी एक पेटीवाला पुरायचा म्हणे. आता एवढ्या हॉलला पेटी कुठून पुरणार, म्हणून शेठने देवपूरच्या गिरधर मास्तरांचा लग्नाचा बँड बोलावला. तुळशीचं लग्न व्हायचं होतं, तिथी नव्हत्या, बँड रिकामाच होता. मास्तरांनी तीस वर्षं लग्नांखेरीज काही वाजवलेलं नाही. त्यामुळे पडद्यावर माणसं एकमेकांच्या मागे पळायला लागली की ते वरातीची चाल धरत, हमालांची पोरं मधल्या वाटेत नाचत. कुणी आजारी पडलं की मुलगी सासरी निघतानाची चाल, मग सगळ्या बायका डोळ्यांना पदर लावत. पिक्चरमधले लोकही कसे सांगू, पुरुषांच्या डोळ्यांत काजळ, सगळे पांढरे फटक, आणि घरातल्या घरातसुद्धा पॅसेंजर सुटत असल्यासारखे चालतात. तोंडं सारखी हलतात, ऐकू काही येत नाही. आई म्हणाली, भोंगा बिघडला वाटतं.

मधेमधे पडद्यावर इंग्रजी अक्षरं यायची. तेवढा वेळ लोकांना वाचता यावं म्हणून मास्तर बँड थांबवत. पहिली अक्षरं आली, सगळं थेटर शांत, आणि आईने आजूबाजूला ऐकू जाईल असं विचारलं, "भिकन, तू दहावी शे ना? काय लिखेल शे, वाच." आबा, मला त्यातलं एक अक्षर लागत नव्हतं. मी म्हणालो, मालक घरी नाहीत. तेवढ्यात मालक जिना उतरून आले, एक जाडा गृहस्थ. थोड्या वेळाने जाड्याने टेबलावर डोकं टेकलं, पुन्हा अक्षरं आली. मी म्हणालो, जाड्याचा खून झाला, विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून, भावाने केला. ओळीतले सगळे हळहळले. मागचे हमाल पुढे वाकून ऐकायला लागले. मला जरा बरं वाटत होतं तोच तो जाडा उठला आणि जेवायला बसला. मागून एकाने विचारलं की मेलेला जेवतो कसा. मी खुर्चीत इकडून तिकडे हललो, चपला काढल्या, घातल्या, पुन्हा काढल्या.

तेव्हा पुढच्या ओळीतून प्रमिला मान न वळवता आत्याला म्हणाली, "हाऊ त्याना जुळा भाऊ शे." मी लगेच मोठ्याने म्हणालो, जुळा भाऊ आहे. सगळ्यांचं समाधान झालं. तिथून पुढे प्रत्येक वेळी तसंच. अक्षरं आली की ती पुटपुटायची आणि मी मोठ्याने सांगायचो. एक काळ्या टोपीवाला बारीक माणूस सारखा घड्याळ पाहत होता, तर ती म्हणाली की विहिरीवर लाईट किती वाजता येते ते पाहतोय. इंग्रज लोकांतसुद्धा मोटारीला लाईटची अडचण असते हे मला त्या दिवशी कळलं. आता मुलगी दहावी आहे, तिला वाचता येणारच, पण असं सारखं पुटपुटणं मुलीच्या जातीला बरं नाही, हा एक दोष मी नमूद करून ठेवतो.

मग ते झालं. पडद्यावर एक पांढऱ्या कपड्यांतली बाई होती (आईच्या मते मेलेल्याची विधवा). अक्षरं आली आणि प्रमिला म्हणाली, "आते हिनं लगीन लागी." मी खणखणीत आवाजात सांगितलं, आता हिचं लग्न लागतंय. बायका सावरून बसल्या. आणि खरोखर आबा, खोलीत मधोमध पांढरं कापड टांगलेलं, अलीकडे ती बाई खाली मान घालून, पलीकडे काळ्या टोपीवाला, आणि त्याच्या हातात कट्यार. टोकाला लिंबू नव्हतं एवढंच. लोक उभे राहिले. उभं राहायला कुणी सांगितलं नाही, पण बसून कसं राहणार? मी गिरधर मास्तरांकडे पाहिलं, त्यांनी क्लॅरनेट ओठाला लावून ठेवलं होतं आणि नजर त्या कापडावर. तीस वर्षं त्या माणसाने अंतरपाट कधी खाली येतो तेवढंच पाहिलंय. कापड खाली आलं. ताशा कडाडला, ढोल, क्लॅरनेट, सगळं एकदम, पत्र्यावरचा अठरा वर्षांचा कापूस खाली यायला लागला, आणि चारशे माणसांनी हातातल्या लाह्या वर फेकल्या. माझाही हात गेला. माझ्या मुठीतल्या सगळ्या तिच्या डोक्यावर पडल्या. तिने मागे वळून तिच्या पुड्यातल्या माझ्यावर टाकल्या, आता गर्दीत कुणाचा हात कुठे जातो याचा काही नेम नाही. एक बत्तासा माझ्या कपाळाला लागला तो बहुतेक तानुबाईंचा.

एवढी माणसं उभी राहिलेली पाहून मशीनवाल्याने खेळ थांबवून दिवे लावले. तानुबाईंनी आधी भाचीच्या डोक्याकडे पाहिलं, मग माझ्या डोक्याकडे, आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "पडन्यात अक्षता. बँड वाजना, बठ्ठा लोक उभा शेत. आते काय बाकी शे?" सगळे उभे, आता काहीच राहिलं नाही म्हटल्यावर हमालांनी हसून टाळ्या वाजवल्या. आईने तेवढ्यात प्रमिलाच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. मला तहान लागली. पाणी पाहायला म्हणून बाहेर पडलो, ते थेट नरडाण्याच्या स्टेशनावर मिळालं. सुरतेकडची पॅसेंजर उभीच होती. (एवढ्या जवळ येऊन तुमच्या पायाची विचारपूस केली नाही, त्याची माफी असावी.)

आता विचार करतो तर डोकं चालत नाही. मंगलाष्टकं कुणी म्हटली नाहीत, म्हणून लग्न नाही असं धरावं, तर पिक्चर मुका होता, आतल्या भटजीने म्हटली असतील आणि आपल्याला ऐकू आली नसतील. भटजी दिसला नाही म्हणावं, तर कापडाच्या कडेला एक म्हातारा नोकर उभा होताच. मुहूर्त नव्हता, पण पाडव्याला मुहूर्त पाहावा लागत नाही असं तुम्हीच म्हणता. आणि लग्न लागलं ते त्या दोघांचं, आमचं कसं? पण अक्षता तर आमच्या डोक्यात. दोन दिवसांनी इथे येऊन आंघोळ केली तेव्हासुद्धा कानामागून एक निघाली. वखारीत कुणी विचारलं की लग्न झालंय का, तर मी पाणी प्यायला जातो. तेव्हा आबा, तुम्ही मोठे आहात, चार गावांत तुमचा शब्द चालतो. हे लग्न नव्हे, खेळ होता, असं लीलाधर भाऊंना कळवून मला मोकळं करा. त्यांनी दुसरीकडे पाहायला सुरुवात केली तर माझी हरकत नाही असंही लिहा. आईला सांभाळा. तिला थेटरात तसंच सोडून आलो, ती अजून रागावली असेल.

तुमच्या पायाची आणि उत्तराची काळजी लागलेला,
भिकन

ता.क. माझी डावी चप्पल खुर्चीखाली राहिली आहे. ती मागू नका. नवरदेवाची चप्पल लपवतात, आणि आधीच घोटाळा पुष्कळ आहे.

ता.क. दुसरा. तहान लागली हे पूर्ण खरं नाही. दिवे लागल्यावर लीलाधर भाऊ छापील कागद घेऊन माझ्याकडे आले. त्यावर खेळाची गोष्ट इंग्रजीत होती. म्हणाले, "जावईबापू, मोठ्यानं वाचा, सगळ्यांना कळू द्या." मी कागद हातात घेतला आणि मग तहान लागली. तो कागद अजून माझ्या खिशात आहे.

ता.क. तिसरा. वरचं पत्र बंद केलं होतं, ते पुन्हा उघडलं. आज दुपारी आमच्या वखारीच्या सिंधी मुनीमजींकडून तो कागद वाचून घेतला. आबा, त्यात विहीर नाही. पाळी नाही, लाईट नाही. जाडा मेलाच नव्हता, औषध घेऊन झोपला होता, आणि त्याला भाऊच नाही, जुळा कुठून असणार? ती पांढऱ्या कपड्यांतली बाई नर्स आहे, तिचं लग्न कुठेही लागत नाही. मी मुनीमजींना पुन्हा वाचायला लावलं. त्यांनी तीनदा वाचलं, तिन्ही वेळा लग्न निघालं नाही. म्हणजे प्रमिला जे पुटपुटत होती त्यातलं एक अक्षरही पडद्यावर नव्हतं. मी विहीर खणली आणि ती तिच्यावर लाईट आणत होती.

आता दोनच गोष्टी असू शकतात. एक, तिलाही इंग्रजी येत नाही, आणि तिची दहावी तानुबाईंनी माझ्या दहावीसारखीच ओट्यावर बसून पास केली आहे. नाहीतर तिला सगळं येतं, मला येत नाही हे तिला पहिल्याच वेळी कळलं, आणि चारशे माणसांत माझं खोटं पडू नये म्हणून तिने खेळभर खोटं सांगितलं. मुनीमजी म्हणतात दुसरं. मला काही ठरवता येत नाही. पहिलं असेल तर आम्ही बरोबरीचे आहोत. दुसरं असेल तर असं माणूस मला सहाव्या गावातही सापडणार नाही.

तेव्हा 'नाही झालं' असं कळवू नका. कळवलं असेल तर पाय दुखत होता म्हणून चुकून लिहिलं असं सांगा. आणि लंगडत का होईना, स्वतः देवपूरला जा, लीलाधर भाऊंना माझी चौथी खरी काय ती सांगून टाका आणि तिथी धरा. मशीनवाल्याने उरलेला खेळ लावला तेव्हा मी पॅसेंजरमध्ये होतो, म्हणून खून शेवटी कुणाचा झाला आणि कुणी केला ते मला माहीत नाही, आणि कागदावर शेवटाला फक्त 'पडद्यावर पाहा' एवढंच आहे. ते प्रमिलाला विचारून मला लिहा. ती ज्याचं नाव घेईल तोच खुनी, मी मुनीमजींना विचारायला जाणार नाही.