सावरटेकचा बहिरा टॉवर

३ नोव्हेंबर, सोमवार

पुन्हा सावरटेक! दिवाळीपासून या एका गावाच्या तक्रारींनी वीट आणलाय. धुळ्याहून निघून पारोळा ओलांडलं, फाट्यावरून आत वळलो, तर माणसं रस्त्यातच उभी. मोबाइल कंपनीची गाडी लांबून ओळखतात. ड्रायव्हर भटूभाऊंना काच खाली करायलाही वेळ दिला नाही. "ताई, काड्या पुऱ्या शेतस, पन फोन लागस नई!"

लागणार कसा? टॉवर बोलतो ते फोनला ऐकू येतंय, म्हणून रेंजच्या काड्या फुल. पण फोन उत्तर देतो ते वेगळ्या पट्टीत, आणि त्या पट्टीत कोणीतरी अखंड गोंगाट घालतंय. लग्नात डीजे लागला की पंगतीत कोणी मीठ मागितलं तरी वाढप्याला ऐकू येत नाही, तसंच. टॉवर बहिरा झालाय.

गोंगाट कसला तेही मला ठाऊक आहे. बूस्टर! कोणीतरी बाजारातून डबी आणायची, छपरावर अँटेना ठोकायचा. माझ्या घरात रेंज आली, बाकी गाव मरो. किळस येते मला या माणसांची.

निघताना गावच्या आशा सेविका प्रमिलाबाई गाडीशी आल्या. त्या ओरडल्या नाहीत. "ताई, मळामा डिंपल शे. तिना दिन भरी ऱ्हायनात. बीपी वर शे. माले १०८ले फोन लागाले पाहिजे, बस." महिनाअखेरपर्यंत करते म्हटलं. आता हा शब्द माझ्या मानेवर बसलाय.

५ नोव्हेंबर

हितेंद्र सर नाशिकला एसीत बसून हुकूम सोडतात. "मोहिनी, पॉवर वाढव." अहो, बहिऱ्या माणसाला मोठ्याने बोलायला लावून त्याला ऐकू येतं का? वाढवली. आता काड्या आणखी फुल, फोन तरीही लागत नाही, आणि शिव्या मात्र दुप्पट!

मग म्हणे चॅनल बदल. बदललं. तासाभरात ग्राफ पाहिला — गोंगाट तिथेही हजर. या स्वस्तातल्या डब्यांना कसली पट्टी न् कसली शिस्त, सगळीकडेच बोंबलतात.

८ नोव्हेंबर

एक सापडला. कृषी केंद्रवाला बन्सीलाल. खतांच्या पोत्यांमागे डबी, वर हार घातलेला लक्ष्मीचा फोटो. म्हणे, "दुकान माझं, वीज माझी, तुमचं काय जातं?" वर मलाच दम, की आमदारांकडे तक्रार करतो. चोर तो चोर वर शिरजोर! आम्हाला जप्तीचा अधिकार नाही, तो दिल्लीच्या दूरसंचार खात्याचा. त्यांना पत्र गेलंय, ते येतील तेव्हा येतील. शेवटी भटूभाऊंनीच त्याला गोडीगुलाबीने समजावलं, तेव्हा त्याने वायर काढली.

गोंगाट थोडा उतरला. फक्त थोडा. म्हणजे मोठा चोर अजून गावातच आहे.

९ नोव्हेंबर

रविवार. चाळीसगावला घरी गेले नाही. आईला सांगितलं काम आहे. खरं म्हणजे कोणाचं तोंड बघायची इच्छा नव्हती.

१२ नोव्हेंबर

सापडला. आणि कुठे!

गावात विचारलं, फोन कुठूनच लागत नाही का? तर सगळे एका सुरात, "धुरपदा अक्काना ओटावरथून लागस ना!" दिवाळीपासून अख्खं गाव फोन करायला तिच्या ओट्यावर जातंय. मी गोंगाट मोजायचा अँटेना हातात घेऊन गल्लीत जसजशी शिरले, तसतसा आकडा चढत गेला. ओट्यावर सतरंजी अंथरलेली. एक बाई सुरतच्या लेकीशी बोलतेय, दोन पोरं पुण्याला कोणाशी तरी, तिघे नंबर लागायची वाट बघत चहा पितायत. मधे ही सत्तरीची बाई, पदर खोचून, कपबशा उचलतेय. मला म्हणाली, "बैस माय, तूबी फोन करी ले." एक जण म्हणाला, अक्काचं घर म्हणजे देऊळ शे.

छपरावर बांबूला अँटेना. आंडोरनी, म्हणजे मुलाने, पितांबरने, दिवाळीला सुरतेहून आणून बसवलेला. आईशी नीट बोलता यावं म्हणून.

या बाईच्या डबीमुळे गावाचा फोन बंद पडला, म्हणून गाव तिच्या ओट्यावर येतंय, आणि वर तिलाच दुवा देतंय! हसावं की रडावं कळेना. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. डोळ्यांत बघून सांगते, नव्हतं.

१३ नोव्हेंबर

सगळ्यांसमोर डबीची पिन काढली आणि म्हटलं, आता घरी जा, शेतात जा, कुठूनही लावा. पंधरा मिनिटांत चहूकडून फोन! प्रमिलाबाईंनी थेट डिंपलच्या मळ्यातून मला लावला. डिंपलची सासू मागून ओरडत होती, "ऐकू येस का?" मी सगळ्यांना ठणकावून सांगितलं, आता ओट्यावर जायची गरज नाही.

आणि मग गाव बघितलं. तीन आठवडे जिच्या हातचा चहा प्यायले तिलाच म्हणतात, "म्हातारीनी गाव बुडावं!" बुडवलं म्हणे! ज्याने काल देऊळ म्हटलं तोच. कपबशीतला चहा तसाच टाकून गेला. शिसारी आली अक्षरशः. धुरपदाबाई सतरंजी गोळा करत राहिली. डबी न्यायचा मला अधिकार नाही. लावणार नाही म्हणून तिने देवाची शपथ घेतली.

१७ नोव्हेंबर

ग्राफ स्वच्छ. हितेंद्र सरांनी वर मेल टाकला — "माझ्या मार्गदर्शनाखाली." थू!

२१ नोव्हेंबर

काल संध्याकाळी सावरटेकचा ग्राफ वर गेला. आजही. बरोबर सहाला चढतो, सातला उतरतो. बन्सीलाल असेल, असं स्वतःला सांगतेय. पण बन्सीलालचा गोंगाट एवढा मोठा नव्हता.

२४ नोव्हेंबर

गेले. ठरवून गेले होते की डबी गाडीत घालून आणायची. अधिकार गेला खड्ड्यात.

साडेसहा वाजलेले. सतरंजी अंथरलेली. ओट्यावर चार-पाच माणसं, फोन लागत नाही म्हणून आलेली. ती गेल्यावर मी आत गेले, डबीकडे नुसतं बोट दाखवलं. ती खोटं बोलली नाही.

"एक तासच लावस माय. दिवाबत्ती व्हस, मंग बंद करस. नई लावं ते कोनीच येस नई ना." मग हळूच म्हणाली, पितांबर पंधरा दिवसांतून एकदा फोन करतो, तोही दोन मिनिटं. रेंज चांगली असली काय आणि नसली काय.

मी तिच्यावर ओरडायला हवं होतं. जाणूनबुजून करते आहे! बन्सीलालवर जेवढी भडकले त्याच्या चौपट भडकायला हवं होतं. पण तिने माझ्यासमोर कप ठेवला. घरात एकच खाट, भिंतीवर नवऱ्याचा फोटो, कोपऱ्यात वेचलेल्या कापसाचं बोचकं. महिनाभर किळस करून करून थकले होते मी. कोणाची तरी दया यावी असं वाटत होतं, आणि ती आली.

म्हटलं, सहा ते सात. त्याच्यावर एक मिनिट नाही. तिने माझा हात धरला. सोडेचना.

एका तासाने कोणाचं काय बिघडणार आहे?

२५ नोव्हेंबर

तक्रार बंद केली. शेरा — "दोष आढळला नाही." काल परत येताना गाडीत गाणं गुणगुणत होते म्हणे. भटूभाऊंनी सांगितलं.

२ डिसेंबर

काल संध्याकाळी सहाच्या सुमारास डिंपलला झटके आले. गावापासून लांब, मळ्यातच होती. फोन आता कुठूनही लागतो म्हणून तिला आधी गावात आणून ठेवलं नव्हतं. प्रमिलाबाई १०८ लावत राहिल्या. सात वाजून गेल्यावर लागला. बाळ आहे. डिंपल धुळ्याच्या वाटेतच गेली.

आत्ता प्रमिलाबाईंचा फोन आला. रडत नव्हत्या. एवढंच विचारलं, "ताई, टॉवर परत बिघडना व्हता का?"

मी हो म्हटलं.